डावीकडची निळी, उजवीकडची लाल

तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल की आजीनं शेवटी आजोबांची समजूत काढली आणि गाडी विकून टाकली. मागे फोनवर तुम्ही दोघांनीही मला तसंच विचारलं होतं, आणि मी "हो, गेली एकदाची" एवढंच म्हणून तुमच्या परीक्षेची चौकशी सुरू केली. ते उत्तर खरं नव्हतं. फोनवर मला असल्या गोष्टी नीट सांगता येत नाहीत. लिहिताना क्रम लावता येतो, म्हणून लिहिते.

आधी गाडी. ती तुम्ही एकदाच पाहिली आहे, आणि तेव्हा धाकटी तिच्यात झोपून गेली होती. पांढरी, दोन दारांची, दोनच माणसांची, आणि जमिनीपासून इतकी खाली की यवतमाळच्या गतिरोधकांवरून ती तिरकी करूनच न्यावी लागे. आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर बसने पुण्याला गेले, तिथल्या एका गृहस्थाकडून ती वापरलेली गाडी घेतली आणि दोन दिवस चालवत घरी आणली. साठीच्या माणसानं स्पोर्ट्स कार घेतली म्हणून आमच्या कॉलनीत बरेच दिवस हसणं चाललं होतं. मीही हसले होते. पण दर रविवारी सकाळी आम्ही दोघं त्या गाडीतून बाभुळगावपर्यंत जायचो, चहा घ्यायचो आणि परत यायचो. बाभुळगाव हे त्यांचं लहानपणाचं गाव.

दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा परत आला. बोलणं परत आलं, पण उशिरा. म्हणजे प्रश्न विचारला की उत्तर तयार व्हायला त्यांना एखादं मिनिट लागतं, कधी जास्त. आणि उत्तर येतं ते बाभुळगावच्या बोलीत. लग्नानंतर त्यांनी माझ्यासारखी पुस्तकी मराठी उचलली होती. नोकरीत, घरात चाळीसएक वर्षं ते तीच बोलले. आता ती गेली आणि खालून "मले", "तुले" वर आलं. मला सुरुवातीला ते ऐकताना परक्या माणसाशी बोलल्यासारखं वाटे.

ते मिनिटभर थांबणं माझ्यानं होत नसे. चहा की कॉफी असं विचारून मी स्वतःच "चहाच देते" म्हणायची. डॉक्टरांनी दुखतं का विचारलं की मीच सांगायची. मी तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आहे, समोरच्याचं वाक्य पुरं करायची सवय तिथलीच. औषधांचं वेळापत्रक मी भिंतीवर लावलं होतं. त्यांची खुर्ची मागच्या खोलीच्या खिडकीपाशी ठेवली होती, कारण तिथून शेड दिसतं आणि शेडमध्ये गाडी. त्यांना बरं वाटेल म्हणून.

गाडी तेव्हापासून उभीच होती. तुमच्या बाबांनी तिकडून नागपूरचा एक ग्राहक शोधला. त्यानं फोटो पाहून होकार दिला, फक्त दसऱ्यानंतर येऊन गाडी चालवून बघतो म्हणाला. म्हणून मी आमच्या मेकॅनिकला बोलावलं. हा मेकॅनिक मूळचा दिग्रसचा, त्याचे वडीलही गाड्यांचंच काम करायचे. कॉलेजात तो माझ्या वर्गात दोन वर्षं मागच्या बाकावर होता. आता त्याच्या दाढीत पांढरे केस आहेत, तरी मला "मॅडम" म्हणतो आणि माझ्यासमोर सिगारेट लपवतो.

त्यानं चाकं काढली आणि मला हाक मारली.

"मॅडम, बोट फिरवून पाहा. डिस्क पुरी गेली. वावरात तास पाडल्यासारखी झाली."

चाकाच्या आत जेवणाच्या ताटाएवढी एक लोखंडी चकती असते, चाकाबरोबर फिरते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. ती डिस्क. आमच्या चारही डिस्कवर गंजाचे थर चढले होते आणि खाली खोल रेघा होत्या. मी विचारलं, सगळ्यात वाईट कुठली आहे, तेवढीच बदलली तर?

"एक नाही बदलत मॅडम, जोडीनंच बदला लागते. नाहीतर ब्रेक मारला का गाडी एकाच अंगाले..." एवढं बोलून त्याची नजर खिडकीत बसलेल्या आजोबांकडे गेली आणि तो घाईघाईनं नटबोल्ट गोळा करायला लागला.

नवीन डिस्क मागवायच्या तर त्या तीन तऱ्हांच्या मिळतात हे मला त्या संध्याकाळी कळलं. साध्या, तिरक्या खाचा पाडलेल्या आणि भोकं पाडलेल्या. मी वहीत तीन रकाने आखले आणि मेकॅनिकला फोन करून एकेक विचारून घेतलं. भोकांची डिस्क दिसायला सुंदर, पण आपल्याकडच्या काळ्या मातीनं भोकं बुजतात आणि कधी त्या भोकापाशीच तडा जातो. खाचांची डिस्क धूळ, पाणी बाहेर टाकते, पण पॅड लवकर झिजवते. साधी सगळ्यात टिकाऊ. विकायच्या गाडीला साधीच योग्य, हे उघड होतं. तरी मी फोनवरची तिन्ही चित्रं आजोबांसमोर धरली. त्यांनी डाव्या हाताचं बोट खाचांच्या डिस्कवर ठेवलं.

"साधीच बरी ना?" मी म्हटलं, आणि ते काही बोलायच्या आत साध्या मागवल्या. बोट चुकून लागलं असेल असं मी धरून चालले. ते चुकून लागलं नव्हतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं, असं आता लिहिताना वाटतं.

आठवड्यानं डिस्क आल्या. तेलकट कागदात गुंडाळलेल्या, नव्याकोऱ्या, राखाडी. मेकॅनिक म्हणाला की पॅड लागतात तेवढा सपाट पट्टा ब्रेकनं घासून स्वच्छ राहतो, पण मधला भाग, जो पालथ्या वाटीसारखा वर आलेला असतो, आणि कडेची धार, यांना कशाचाच स्पर्श होत नाही. तिथे पहिल्याच ओल्या हवेत तांबूस गंज धरतो. या गाडीच्या चाकांना बारीक आरे आहेत, त्यातून तो गंज सरळ दिसणार. म्हणून ते भाग आधी रंगवून घ्यावेत, उष्णता सोसणाऱ्या रंगानं. त्याच्याकडे तीन डबे होते. एक राखाडी, आणि पोरांच्या मोटारसायकली सजवून उरलेले निळा आणि लाल.

"राखाडी," मी म्हटलं.

पण त्यानं ते ऐकलं नाही. डबे घेऊन तो खिडकीपाशी गेला. "साहेब, कोनता कलर मारू? तुमी बोला."

आम्ही दोघं उभे राहिलो. मी दोनदा तोंड उघडलं. मेकॅनिक मात्र गजाला टेकून असा उभा होता की त्याला दिवसभर दुसरं कामच नाही.

"निळा," आजोबा म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं, "डाव्या अंगाले." मग, "लाल. उजव्या."

"दोन्ही बाजूंना वेगवेगळा?" मी म्हटलं. "अहो, कसं दिसेल ते!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एका टायमाले... एकच बाजू दिसते."

हे मात्र खरं होतं. मेकॅनिक मांडीवर थाप मारून हसला. "साहेब, बैलजोडी सजवून राह्यले का? पोळा तं होऊन गेला!"

आजोबाही हसले, डाव्या बाजूनं. मग तुकड्यातुकड्यानं त्यांनी जे सांगितलं ते असं. बाभुळगावात त्यांच्या शेजारी एक शेतकरी होता. जुवाला डावीकडे चालायची सवय असलेला बैल उजवीकडे जुंपला तर चालत नाही, अडतो. शेतकऱ्याची मुलं लहान होती आणि दोन्ही बैल दिसायला सारखे. म्हणून तो पोळ्याला डाव्या बैलाची शिंगं निळी आणि उजव्याची लाल रंगवायचा. रंग पुढे कितीतरी महिने टिकायचा आणि मुलांची चूक होत नसे. शिंगं रंगवायचं काम आजोबांना मिळायचं, कारण तलाठ्याचा मुलगा म्हणजे हात स्थिर असणार, असं त्या शेतकऱ्याला वाटे. आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मी मारतो," ते म्हणाले. म्हणजे रंग.

मेकॅनिकनं जुगाड केलं. एका स्टुलावर मोटारसायकलच्या चाकाचा जुना हब, म्हणजे मधला फिरता भाग, बसवला आणि त्यावर डिस्क ठेवली. बोटानं ढकललं की ती संथ फिरायची. "साहेब, तुमी ब्रश फक्त धरून ठेवा. फिरवाचं काम आमचं." सपाट पट्ट्यावर त्यानं चिकटपट्टी लावली, कारण तिथे रंग लागला तर ब्रेक धरत नाही. डिस्कवरचं तेल पेट्रोलनं पुसलं. आजोबांची खुर्ची शेडमध्ये आणली. त्यांनी डाव्या हातात ब्रश घेतला.

डावीकडच्या दोन डिस्क रंगवायला सकाळ गेली. ब्रश थरथरायचा. निळ्याची कड नागमोडी झाली, दोन ठिकाणी थेंब ओघळले, वाटीच्या मध्यावर एक जागा कोरीच राहिली. काम झालं तेव्हा त्यांच्या शर्टाला घाम होता आणि बनियनपर्यंत निळे डाग. दीड वर्षात ते इतकं जेवले नव्हते. जेवून लगेच झोपले. मेकॅनिक नमाजला गेला.

मी शेडमध्ये गेले. नुसतं पाहायला गेले होते. पण तो ओघळ माझ्यानं पाहवेना. ग्राहक येणार, चाकात डोकावणार आणि म्हणणार, हे कोणी केलं? लोकांनी त्यांच्या हाताला हसू नये, असं मी स्वतःला सांगितलं. रंग अजून चिकट होता. थिनरच्या फडक्यानं मी तो पुसून काढला आणि राखाडीचे दोन पातळ हात दिले. कड अगदी रेषेत आली. तासाभरात दोन्ही डिस्क कंपनीतून आल्यासारख्या दिसायला लागल्या. मला समाधान वाटलं, हेही लिहून ठेवते.

चार वाजता चहा घेऊन त्यांना शेडमध्ये आणलं. त्यांनी डिस्ककडे पाहिलं, मग बोटांवरच्या निळ्या डागांकडे, मग पुन्हा डिस्ककडे. मी भराभर बोलत होते, की राखाडी सगळ्यावर उठून दिसतो, की उन्हात लवकर वाळेल. ते मध्ये बोलले. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या बोलण्याच्या मध्ये.

"मले कोनी इचारलं?"

चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ते शेडमध्ये आले नाहीत. मेकॅनिकनं हाक मारली तर डोळे मिटून घेतले. खिडकीतल्या खुर्चीत बसायलाही नकार दिला आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडून राहिले. तिसऱ्या दिवशीही तेच. चालण्याचा व्यायाम नाही, हाताचा नाही. फिजिओथेरपीची बाई परत गेली.

मेकॅनिकनं राखाडी डिस्क उचलून उजेडात फिरवली. "मॅडम, पेपर तपासला वाटते तुमी," तो म्हणाला. "माह्या निबंधाचंही असंच करत होत्या. चांगलंच करत होत्या, चुका राहत नोत्या. पण मंग तो माहा निबंध नाही राहे." आणि मान खाली घालून चाकाचे नट पुसायला लागला. मला राग आला. रात्रीच्या भाजीला मीठ किती घातलं ते आठवेना, इतका.

राग गेल्यावर मी वही काढली. सवयच ती. झटक्यानंतर कोणकोणत्या गोष्टी मी त्यांना न विचारता ठरवल्या ते लिहायला घेतलं. शर्ट, भाजी, टीव्हीवरच्या बातम्या, झोपायची वेळ, कोण भेटायला यावं आणि किती वेळ बसावं. पान भरलं. उलटल्यावर पहिल्या ओळीवर "गाडी" लिहिलं आणि थांबले. तुमच्या बाबांनी मला विचारलं होतं, मी तुमच्या बाबांना कळवलं होतं, ग्राहकाला कळवलं होतं. ज्यांची गाडी त्यांना आम्ही दोघांनी मिळून एकदा सांगितलं होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

मी पलंगाशेजारी जाऊन बसले. "मी तुमचा रंग पुसला," मी म्हटलं. "पुसायला नको होता. पुन्हा रंगवाल का?" आणि यावेळी खरोखरच गप्प बसले. ते भिंतीकडेच तोंड करून राहिले. अर्ध्या तासानं मी उठले. दुसऱ्या दिवशी दुपारी आमटी ढवळत होते तेव्हा मागून आवाज आला. ते भिंत धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले होते.

"चाल," ते म्हणाले.

मेकॅनिकनं राखाडी खरवडून ठेवलाच होता. मी कधी सांगते याची वाट पाहत होता म्हणे. यावेळी डिस्क फिरवायला मी बसले. ते "हळू" म्हणाले की हळू, "थांब" म्हणाले की थांबायचं. ओघळ आला की माझा हात आपोआप फडक्याकडे जायचा. मी दोन्ही हात हबवरच ठेवले. एकदा चिकटपट्टी सुटली आणि निळा थेंब सपाट पट्ट्यावर, नेमका नको तिथे पडला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तो बघितला, विचार केला.

"पुस," ते म्हणाले. मी पुसला.

दोन दिवसांत चारही झाल्या. डावीकडच्या निळ्या, उजवीकडच्या लाल. कडा वाकड्याच. ऊन कडक होतं, डिस्क आम्ही गच्चीवर पत्र्यावर वाळवल्या. लालचा शेवटचा हात देऊन झाल्यावर मी धीर करून विचारलं, "गाडी विकायची का ठेवायची? तुम्ही म्हणाल तसं. मी मुलाला कळवते."

मला उत्तर ठाऊक आहे असं वाटत होतं. ठेवायची म्हणणार, आणि मी मुलाशी कसं बोलायचं याची वाक्यंही मनात जुळवली होती. रविवारी आपण मेकॅनिकला चालवायला सांगू, दोघांच्या गाडीत तिघं कसे मावणार, इथपर्यंत मी पोहोचले होते. त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"इकून टाक."

मी थांबले. आणखी काही येतंय हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं.

"रोज... खिडकीतून उभी दिसते. उभीच दिसते मले." मग बऱ्याच वेळानं, "तू काहून बसवलं मले तिथं?"

दीड वर्ष. रोज सकाळी मी त्यांना हाताला धरून तिथे नेत होते, उशी नीट करत होते आणि पडदा सरकवून म्हणत होते, बघा तुमची गाडी.

तुम्हाला बरं वाटेल म्हणून, असं म्हणता आलं असतं, पण ते त्यांना माहीत होतंच. मी विचारलं, खुर्ची कुठे हवी? यावेळी उत्तर लगेच आलं. पुढच्या व्हरांड्यात, फाटकाकडे तोंड करून. तिथे धूळ येते, भाजीवाले ओरडतात, येणारा-जाणारा त्यांच्याशी बोलायला थांबतो आणि त्यांच्या उत्तराची वाट न पाहता पुढे जातो. मी असते तर ती जागा निवडली नसती. खुर्ची त्याच संध्याकाळी तिथे गेली.

गाडी ठेवायची मला होती, हे मला तेव्हा कळलं. रविवारचं बाभुळगाव मला हवं होतं. तेही मी कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बसनं जाऊ." आजवर आम्ही एकदा गेलो आहोत. चढायला कंडक्टरनं हात दिला.

ग्राहक आला. तिशीचा, अंगात घट्ट टी-शर्ट, बोलणं भरभर. मेकॅनिकबरोबर धामणगाव रस्त्यावर चक्कर मारून आला आणि ब्रेकवर खूश झाला. मग वाकून चाकं पाहायला लागला. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला, परत पहिल्या बाजूला आला.

"आंटी, ये दो कलर कायले? रंग कमी पडला का?"

तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. मेकॅनिकही आकाशाकडे पाहत उभा राहिला. व्हरांड्यातून आजोबांनी हात वर केला. ग्राहक वळला, थोडं थांबला, मोबाइल पाहिला, पुन्हा मान वर केली. शेवटी पायरीवर येऊन बसला.

"डावा... डाव्याच अंगाले... चालते," आजोबा म्हणाले.

त्याला काही समजलं नाही. पण मग त्यानं विचारलं, "म्हंजे, काका?" आणि आजोबांनी त्याला बैलांची सगळी गोष्ट सांगितली. पाऊण तास लागला. मी आत जाऊन पोहे केले. तो मुलगा डिस्कवरचा रंग पुसून टाकणार की तसाच ठेवणार हे मी विचारलं नाही. गाडी आता त्याची आहे. फाटकातून बाहेर पडून ती डावीकडे वळली तेव्हा आम्हाला डावीच बाजू दिसली.

तर, मुलांनो, गाडी तुमच्या आजोबांनी विकली. कोणी त्यांची समजूत काढली नाही.

शेड आता रिकामं आहे. मेकॅनिक म्हणतो मला भाड्यानं द्या, तुमचे बाबा म्हणतात पाडून टाका, मला तिथे तुळशी आणि कढीपत्त्याच्या कुंड्या ठेवाव्याशा वाटतात. काय करायचं ते मी सोमवारी आजोबांना विचारलं. आज गुरुवार. अजून ते काही बोललेले नाहीत. काल दुपारी काठी टेकत तिथपर्यंत गेले, आत उभे राहिले आणि परत आले. मी कुंड्या घेतलेल्या नाहीत.